पिवळी रेघ, हिरवा ठिपका

एकतीस वर्षं मी मोटारीच्या कारखान्यात नोकरी केली आणि मोटार कशी तयार होते हे मला माहीत नव्हतं. लग्नकार्यात मी असं म्हणालो की लोकांना तो विनय वाटतो. विनय कसला, खरी गोष्ट आहे. नोकरीची सुरुवात पिंपरीत झाली, शेवट चाकणला. दोन्हीकडे इंजिनाची शेड वेगळी, गाडीची वेगळी, मधे डांबरी रस्ता आणि पास दाखवल्याशिवाय न सोडणारा वॉचमन. माझी जागा इंजिनाच्या लाइनवर, नऊ नंबरचं स्टेशन. समोर इंजिन आलं की त्याला पाण्याचा पंप बसवायचा, वीज तयार करणारा अल्टरनेटर लावायचा, त्यावर पट्टा चढवायचा आणि इंजिन पुढे ढकलायचं. की दुसरं हजर. माझा पंप ज्या रेडिएटरला पाणी पुरवणार तो रेडिएटर रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये बसायचा. मुलीचं लग्न लावून द्यावं आणि जावयाचं तोंडही बघू नये, अशातला प्रकार.

पाण्याचा पंप म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. इंजिनात सतत जाळ असतो. तो विझवायचा नाही, पण त्यानं घर पेटता कामा नये. म्हणून इंजिनाच्या अंगात पाण्याच्या वाटा ठेवलेल्या असतात. पंप त्या वाटांमधून पाणी फिरवतो, तापलेलं पाणी रबरी नळीतून पुढच्या रेडिएटरमध्ये जातं, तिथे वाऱ्यानं निवतं आणि खालच्या नळीनं परत येतं. झालं. एवढ्यावर माझा संसार उभा राहिला.

पंपाला चार बोल्ट. ते टॉर्क पान्यानं आवळायचे. हा पाना ठरावीक जोर लागला की ‘कट्’ असा आवाज करतो. तो आवाज आला की बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. रेघ याचा अर्थ, मी आवळलाय, माझी जबाबदारी. मग इंजिन लाइनच्या शेवटी इन्स्पेक्शनला जायचं. तिथला माणूस स्वतः पाना लावून बघायचा आणि पिवळ्या रेघेशेजारी हिरवा ठिपका द्यायचा. काही खोट असेल तर लाल टॅग लटकवायचा. लाल टॅग लागलेलं इंजिन उलट्या वाटेनं आमच्याकडे परत यायचं, आणि सगळी लाइन मान वळवून बघायची की कोणाचा नंबर लागला.

आमच्या शिफ्टला इन्स्पेक्शनवर सुनंदा कांबळे होत्या. दिघीला राहायच्या. आम्ही त्यांना कांबळे मॅडम म्हणायचो, आणि त्या जवळपास नसल्या की बरंच काही म्हणायचो. त्यांच्या टॅगवर भाषा अशी: ‘पट्टा ढिला. स्टेशन नऊ. शेळके.’ त्यात विशेषण नसायचं. माझं आडनाव शेळके असल्यामुळे, इन्स्पेक्शनवाले उंटावरून शेळ्या हाकतात असं कोणी म्हटलं की सगळे माझ्याकडे बघून हसायचे. मीही हसायचो, पण ते टॅग मी घरी नेऊन फाडायचो. बायको, मंगल, विचारायची, “आज किती मार्क पडले?”

आता जे सांगायचं ते इतकी वर्षं मंगलशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं.

एकदा विक्रीला गेलेल्या एका गाडीचं इंजिन तापून परत आलं. पाण्याचा पंप डुगडुगत होता, एक बोल्ट जवळजवळ मोकळा. त्या बोल्टवर पिवळी रेघ होती आणि शेजारी हिरवा ठिपकाही. इंजिनाच्या नंबरावरून दिवस निघाला, शिफ्ट निघाली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी म्हणालो, “आवळला होता साहेब, रेघ आहे ना. नंतर सैल झाला असेल.”

पण तो दिवस मला लख्ख आठवत होता. तीन बोल्ट आवळून झाले आणि जेवणाचा भोंगा वाजला. रेघ नसलेलं इंजिन स्टेशनवर सोडून गेलेलं सुपरवायझरला खपायचं नाही. म्हणून मी चौथ्यावरही रेघ ओढली आणि म्हटलं, येऊन आवळतो. कॅन्टीनला गेलो. परत आलो तर समोर चार बोल्ट, चारही डोक्यांवर रेघा. मी ते इंजिन पुढे ढकललं. माझी रेघ बघून माझाच माझ्यावर विश्वास बसला. ही चूक बाहेरच्या माणसाला करायला सांगितली तरी जमणार नाही, त्याला रेघेचा अर्थच माहीत नसतो.

माझं निभावलं. ठपका इन्स्पेक्शनवर गेला, कारण शेवटचा पाना त्यांचा. त्या वर्षी मॅडमचं सीनियर इन्स्पेक्टरचं प्रमोशन होणार असं सगळे धरून चालले होते. ते झालं नाही. त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या एका इंजिनाला लाल टॅग आला, ‘नटावर रंग सांडलाय’ एवढाच. मला वाटलं, बाईंना सगळं कळलंय. मग वाटलं, कळलं असतं तर गप्प बसल्या असत्या का? या वाटण्यावाटण्यात मॅडम रिटायर झाल्या, मग मीही झालो.

रिटायर झाल्यावर भोसरीतल्या एका ओळखीच्या गॅरेजमध्ये मी दुपारचा बसायला लागलो. तिथे पहिल्यांदा मला रेडिएटर जवळून भेटला. गिऱ्हाइकं एकेक नग. एक टेम्पोवाला गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकून आला होता. हळद फुगते आणि भोक बुजतं, हे खरं आहे, रस्त्यात अडकल्यावर पुष्कळ जण करतात. पण या गड्यानं अर्धा किलो टाकली होती. झाकण उघडलं तर आत पिठलं. मी म्हणालो, “भाऊ, मोहरीची फोडणी तेवढी राहिली.” तो गंभीरपणे म्हणाला, “गळती थांबली का न्हाई ते सांगा.” थांबली होती. पाण्याचं फिरणंही थांबलं होतं.

अशाच एका दुपारी फोन आला. “शेळके का? कांबळे बोलतेय, इन्स्पेक्शन.” रिटायर होऊन चार वर्षं झालेली बाई अजून डिपार्टमेंट सांगत होती. मी गॅरेजमध्ये उठून उभा राहून बोललो.

त्यांनी गाडी बांधायला घेतली होती. अशा गाडीला किट कार म्हणतात. सांगाडा, पत्रे, सीटा, सगळं सुटं पेट्यांतून येतं, सोबत एक पुस्तक येतं, आणि इंजिन आपण आणायचं. मॅडमनी कोइमतूरकडच्या एका लहान कारखान्यातून दोन सीटांच्या उघड्या गाडीच्या पेट्या मागवल्या होत्या. तळेगावला त्यांचा भाचा प्रशांत याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, तिथे एका कोपऱ्यात काम चाललं होतं. घरी बांधलेली अशी गाडी रस्त्यावर न्यायला कागदांचा वेगळा डोंगर चढावा लागतो, तो त्यांना चढायचा नव्हता. वर्कशॉपच्या मागे प्रशांतचा मोकळा प्लॉट होता. तिथे फिरवली तरी त्यांना पुरे होतं.

मी विचारलं, “मॅडम, हे या वयात कशाला?”

“अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. आता म्हटलं, स्वतःच्या करून बघाव्यात. सांगाडा झाला, ब्रेक झाले, इंजिन बसलंय. पाण्याचं काम राहिलंय. त्याला तुम्ही या.”

“मीच का?”

“तुमचं नाव मी इतक्या वेळा लिहिलंय, दुसरं आठवेना.”

मंगल म्हणाली, “जा. आणि जे सांगायचं राहिलंय ते सांगून या.”

गेलो. इंजिन बघताच ओळखलं. आमच्याच लाइनचं, जुन्या गाडीतून काढलेलं. मॅडमनी साडीचा पदर खोचला होता, वर प्रशांतचा निळा ॲप्रन. टेबलावर पुस्तक उघडं, शेजारी दोन डब्या, पिवळा रंग आणि हिरवा रंग. पिवळी डबी त्यांनी माझ्याकडे सरकवली. पद्धत तीच, म्हणाल्या. तुम्ही आवळा, रेघ ओढा. मी तपासते, ठिपका देते. मग त्यांनी पत्र्याच्या डब्यातून लाल टॅगांची गड्डी काढली. निरोप समारंभाला कंपनीनं घड्याळ दिलं होतं, ही गड्डी त्यांनी स्वतःहून मागून आणलेली.

मनात आलं, आत्ताच सांगून टाकावं. तेवढ्यात प्रशांत चहा घेऊन आला. आणि मग पंप हातात आला तेव्हा खरं सांगतो, मी बाकी सगळं विसरलो.

चार बोल्ट, चार वेळा कट्. चार रेघा. मॅडम आल्या, चारही बोल्टांना पाना लावला, चार ठिपके दिले. पुढे तीन आठवडे हेच. अल्टरनेटर बसवला, तपासला. पट्टा चढवला, त्यांनी अंगठ्यानं दाबून बघितला आणि तरी पट्टी लावून मोजला. माझ्या एकाही रेघेवर त्यांनी नुसता विश्वास ठेवला नाही. यांना कळलंय, मला प्रत्येक वेळी वाटायचं. म्हणूनच पाना लावतात.

पहिला लाल टॅग पंख्याला लागला. रेडिएटरमागे विजेचा पंखा असतो, तो पुढची हवा आत ओढतो. बसवून चालू केला, फरफर फिरला, मी खूश. मॅडमनी वर्तमानपत्राचं एक पान घेतलं आणि रेडिएटरच्या पुढे धरलं. हवा आत ओढली जात असेल तर कागद जाळीला चिकटायला हवा. तो उडून त्यांच्याच तोंडावर आला. मी वायरी उलट्या जोडल्या होत्या आणि पंखा उलटा फिरत होता. ‘पंखा उलटा. शेळके.’ प्रशांत इतका हसला की त्याच्या हातातला ग्राइंडर काढून घ्यावा लागला.

“काका, यापेक्षा हळद टाका राव,” तो म्हणाला. टेम्पोवाल्याची गोष्ट त्याला सांगितली हीच माझी चूक.

मग पाणी भरायचा दिवस आला. माझ्या लाइनवरून इंजिन कोरडं जायचं, माझा पंप पाणी ढकलतो हे मला नुसतं ऐकून माहीत होतं. कूलंट ओतलं, इंजिन चालू केलं, आणि दहा मिनिटांत तापमानाचा काटा लालात. बंद. मॅडमनी रेडिएटरवर तळवा ठेवला. “हे तर गार आहे. इंजिन भट्टी झालंय आणि हे गार.”

घोडं कुठं पेंड खातंय ते शोधण्यात दोन दिवस गेले. पंप ठीक, नळ्या मोकळ्या. शेवटी घरी भिंतीवर चढून पलीकडे खाली उतरलेल्या पाण्याच्या नळीकडे बघताना डोक्यात प्रकाश पडला. या गाडीचं नाक खाली वाकलेलं. रेडिएटर इंजिनापेक्षा खाली, आणि मधली नळी उंटाच्या पाठीसारखी वर जाऊन खाली येते. त्या उंचवट्यात हवा अडकून बसली होती आणि पाण्याला पलीकडे जाऊ देत नव्हती. दुसऱ्या दिवशी गाडीचं नाक विटांवर चढवलं, पाणी ओतायची टाकी सगळ्यात उंच जागी हलवली, नळीवरचा हवा सोडायचा स्क्रू सैल केला आणि इंजिन चालू केलं. आधी फुस्स, मग गुडगुड, मग स्क्रूतून पाण्याची सरळ धार. मॅडमचा तळवा रेडिएटरवरच होता. त्यांचा चेहरा बदलत गेला.

“कोमट,” त्या म्हणाल्या. “शेळके, कोमट! आता गरम!”

मीही हात ठेवला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पंपानं ढकललेलं पाणी माझ्या हाताला लागत होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मॅडम म्हणाल्या, “डोळ्यांतून गळतंय. टॅग लावू का?”

या सगळ्यात एक जागा राहिली. रेडिएटरची खालची नळी पंपाला जिथे जोडलेली असते तिथली, नळी आवळून धरणारी क्लिप. टाकी हलवली तेव्हा ती मला खोलून परत लावावी लागली. गाडीखाली पाठीवर झोपून, हात वाकडा करूनच तिथे पोचता येतं. मॅडमचा गुडघा दुखरा. त्यांनी दोनदा वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “तिथे माझा पाना पोचत नाही. ती तुमच्यावर सोडते.” सगळ्या गाडीत पिवळी रेघ असून हिरवा ठिपका नसलेली ती एकच जागा.

गाडी फिरवायचा मुहूर्त दसऱ्याचा ठरला. मॅडमची सकाळी विहारात वंदना असायची, त्या अकरापर्यंत मोकळ्या होणार होत्या. “पूजा करायची तर तुम्ही करा,” त्या म्हणाल्या, “मला वीस फेऱ्या पाहिजेत. न तापता.” त्यांनी कंपनीतली जुनी माणसं बोलावली होती, सात-आठ जण. त्यातले दोघे सुपरवायझर, जन्मभर म्हणत आलेले की कांबळेबाईंना दुसऱ्याचं मोडता येतं, जोडता येत नाही. आज तापली असती तर या बाईला ते आयुष्यभर पुरलं असतं.

मी नऊ वाजताच पोचलो. दसऱ्याला आम्ही लाइनला झेंडूचे हार घालत आलो, माझ्या स्टेशनचा हार नेहमी सगळ्यात जाड. या गाडीलाही तसाच आणला होता. हळदकुंकू लावलं, हार नाकावर छान पसरून बांधला, मागे उभा राहून बघितलं. नवरी दिसत होती.

मॅडम पांढऱ्या साडीत आल्या आणि तशाच स्टिअरिंगवर बसल्या. प्लॉटवर धूळ उडवत गाडी निघाली. काय सांगू, पहिल्या पाच फेऱ्या आम्ही सगळे शाळेतल्या पोरांसारखे ओरडत होतो. एक सुपरवायझर टोपी उडवत होता. आठव्या फेरीला मॅडमचा हात वर गेला. काटा चढत होता. नवव्याला त्या माझ्यासमोर थांबल्या आणि इंजिन बंद केलं.

सगळे जमले. माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती, खालची क्लिप. ती मी लावत होतो तेव्हा मंगलचा फोन आला होता. गाडीखालून निघून मी बोललो होतो आणि परत आत गेलो होतो. त्यावर रेघ होती हे मला आठवत होतं. रेघ आवळून ओढली की ओढून आवळायची राहिली, ते आठवेना. तोच भोंगा, तीच रेघ.

एक सुपरवायझर म्हणाला, “काय शेळके, तुमचं काम तर चोख असतं ना?”

होय म्हणायला मला एक अक्षर लागलं असतं. मी म्हणालो, “मॅडम, खालच्या क्लिपवर रेघ आहे. पण ती आवळली का नाही ते मला आठवत नाही.” आणि एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना. “आणि तो परत आलेला पंप. तो चौथा बोल्टही मी आवळला नव्हता. जेवायच्या आधी रेघ ओढून गेलो होतो. साहेबांना खोटं बोललो. तुमचं प्रमोशन माझ्यामुळे गेलं.”

मॅडम गाडीतून उतरल्या.

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

“कधीपासून?”

“तो पंप मी हातात घेऊन बघितला होता. आवळलेल्या बोल्टखाली वॉशरला घासल्याची खूण पडते. त्याच्याखाली नव्हती.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? तुम्ही आवळला नाहीत, आणि मी तरी कुठे पाना लावला होता? रेघ दिसली, ठिपका दिला. भूक मलाही लागली होती.” त्या हसल्या. “शेळके, त्या एका बोल्टवर आपण दोघं होतो. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. आणि म्हणून या वेळी प्रत्येक बोल्टला पाना लावला, तुमचा राग म्हणून नाही.”

मी सणाच्या सदऱ्यासकट गाडीखाली शिरलो. क्लिपला पाना लावला. केसभरही फिरली नाही. घट्ट. खाली एक थेंब नव्हता.

“घट्ट आहे!” मी खालून ओरडलो. “मग तापते कशानं?”

वरून प्रशांतचा आवाज आला, “काका, हा हार कुणी घातलाय?”

झेंडूच्या जाड हारानं गाडीचं नाक गच्च बंद केलं होतं. पंखा आता सुलट होता, त्यामुळे त्यानं इमानेइतबारे निम्म्या पाकळ्या ओढून जाळीवर थापल्या होत्या. पाना लावून लावून तपासलेली गाडी मी भक्तिभावानं गुदमरवली होती. मॅडमनी हार सोडला, त्याला लाल टॅग बांधला आणि सगळ्यांना वाचून दाखवला, “जागा चुकली. शेळके.” सुपरवायझर पोट धरून खाली बसले. तो हार टॅगसकट माझ्या गळ्यात घालण्यात आला.

पाकळ्या झटकल्या, इंजिन निवू दिलं आणि मॅडमनी उरलेल्या फेऱ्या मारल्या. काटा मधोमध, हलला नाही. विसावी फेरी त्यांनी मला मारायला लावली. इंजिनाच्या आवाजात मी माझा पंप ऐकायचा प्रयत्न केला. चांगला पंप ऐकू येत नसतो, हे मला माहीत होतं. तरी ऐकत होतो.

उतरल्यावर मॅडमनी हिरव्या रंगाची डबी माझ्या हातात दिली.

“ती खालची राहिलीय. माझा हात पोचत नाही. तुम्ही पाना लावून बघितलीत ना?”

“बघितली.”

“मग द्या ठिपका.”

लाइनवरच्या माणसानं हिरव्या डबीला कधी हात लावलेला नसतो. मी परत पाठीवर झोपलो, आणखी एकदा क्लिप तपासली, आणि ब्रश तिथे वळेना म्हणून अंगठा रंगात बुडवून ठिपका दिला.

घरी पोचलो तर मंगल सोन्याची पानं घेऊन दारात उभी. माझ्या गळ्यातला हार बघितला, टॅग वाचला, मग हात हातात घेऊन म्हणाली, “अंगठ्याला हे हिरवं काय लागलंय?”

म्हटलं, “पास झालो.”